वाचकांचे प्रश्न: एकाच गटात तीन तऱ्हेची माती

प्रश्न: कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर आमचा एकच गट आहे. वरची पट्टी मुरमाड आणि तांबूस, मधली लालसर तपकिरी आणि तळाला ओढ्याकाठी काळपट भातखाचर. माती तपासून आणली. वरच्या नमुन्याचा सामू (pH, आम्लपणाचे माप) 5.6 आला, खालच्याचा 6.9. अहवालात मातीचा प्रकार मात्र कुठेच लिहिलेला नाही. पलूसचे मेहुणे म्हणतात, खाली काळी आहे तर जिप्सम टाका. आमची माती नेमकी कोणत्या प्रकारात बसते? तांबडी म्हणजे जांभ्याची समजायची का? आणि जिप्सम टाकावे का?
– एक शेतकरी, पाटण तालुका

उत्तर: जिप्समचे आधी सांगते, कारण त्यात तुमचे पैसे जातील. टाकू नका. मेहुण्यांचा सल्ला त्यांच्या भागातल्या जमिनींसाठी बरोबर आहे. पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यात कृष्णाकाठच्या कितीतरी भारी काळ्या जमिनी उसाला वर्षानुवर्षे वारेमाप पाणी देऊन आणि निचरा नसल्याने खारवट, चोपण झाल्या आहेत. चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम धरून बसलेला असतो, सामू 8.5 च्या वर जातो आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधले कॅल्शियम त्या सोडियमला हुसकते, चराची सोय असेल तर तो पाण्याबरोबर निघून जातो. तुमच्याकडे हुसकायला सोडियमच नाही. कोयनानगरच्या बाजूला साडेचार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो असले क्षार केव्हाच धुऊन नेतो. वरच्या पट्टीचा आम्लपणाही जिप्समने कमी होत नाही, त्याला चुना लागतो. तोसुद्धा प्रयोगशाळेने चुन्याची गरज काढून दिल्यावरच टाकायचा.

आता मातीच्या प्रकाराकडे येऊ. तुम्ही गटाला धरून एकच नाव विचारता आहात, पण सातबाऱ्यावरच्या गटाचा आणि मातीच्या प्रकाराचा संबंध नसतो. डोंगरखोऱ्यात माती उताराप्रमाणे बदलते. खडक एकच, आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. पाऊस एकच. तरी माथा, उतार आणि तळ यांची माती वेगवेगळी होते, कारण वरचे पाणी धुऊन नेते आणि तळाशी आणून सोडते. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात उतारावरच्या अशा साखळीला ‘कटीना’ हे नाव दिले. तुमचा गट म्हणजे अशी एक अख्खी साखळी आहे. मृद सर्वेक्षणाच्या नोकरीत मी याच खोऱ्यांतून हिंडले. अशा गटापाशी आले की मला पुढे जाववत नसे.

वरची पट्टी. इथे माती बनते त्याच वेगाने वाहूनही जाते, म्हणून थर बनायला उसंत मिळत नाही. फावड्याला लगेच मुरूम लागतो, त्याखाली कातळ. अशा जवळजवळ थर नसलेल्या मातीला अमेरिकी कृषी विभागाच्या, आपल्याकडेही वापरात असलेल्या वर्गीकरणात एन्टिसॉल म्हणतात, आणि कठीण खडक 50 सेंटिमीटरच्या आत लागला तर नावाच्या आधी ‘लिथिक’ जोडतात. आपल्या बोलीत ही वरकस. नाचणी आणि वरीसाठी आपले आजे-पणजे हिलाच राखत, ते विचार करूनच.

मधली पट्टी जरा स्थिरावलेली असते. वरच्या थराखाली रंग बदललेला, ढेकळांना आकार आलेला दुसरा थर दिसतो. ती इन्सेप्टिसॉल, म्हणजे घडणीला लागलेली माती. त्या खालच्या थरातल्या ढेकळांवर चिकणमातीचे चकचकीत लेप दिसले आणि वरच्यापेक्षा तिथे चिकणमाती स्पष्ट जास्त भरली, तर वर्ग बदलतो आणि अल्फिसॉलचा विचार करावा लागतो. भिंग असेल तर बघा. नसेल तर तुटलेले ढेकूळ उन्हात तिरके धरून बघा.

तांबड्या रंगावरून जांभा ठरवू नका. ही गल्लत मला फार वेळा ऐकायला मिळते आणि त्यावर खतांचे निर्णय घेतले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जांभा हा पठारांच्या माथ्यावरचा थर आहे, पाचगणीच्या टेबललँडवर किंवा कासच्या सड्यावर दिसतो तसा. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका आणि चुना धुऊन गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून घट्ट झाले. तुमच्या मधल्या पट्टीचा लालपणाही लोहाचाच आहे, पण ती माती पाषाण कुजून झालेल्या मुरमावर बसलेली आहे. वरून घरंगळत आलेले जांभ्याचे गोटे तिच्यात सापडतीलही, तेवढ्याने ती जांभ्याची होत नाही.

तळाच्या काळपट खाचराचे कोडे सगळ्यात मोठे. काळा रंग दोन कारणांनी येतो. रानाच्या कडेला पालापाचोळा कुजूनही माती काळसर होते. ती भुसभुशीत असते, वाळली की हाताने चुरता येते. कऱ्हाडकडची काळी वेगळी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्या वर्गाला व्हर्टिसॉल म्हणतात. त्यासाठी 50 सेंटिमीटर खोलीपर्यंत किमान 30 टक्के चिकणमाती हवी, मोसमागणिक उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा हव्यात आणि आत ढेकळांच्या बाजूंवर एकमेकांवर घासून झालेले तुळतुळीत पृष्ठभाग हवेत. भेगा आहेत पण बाकीच्या अटी पुऱ्या होत नाहीत, अशी माती इन्सेप्टिसॉलमध्येच राहते आणि तिला ‘व्हर्टिक’ विशेषण लागते. तुमची बहुधा याच घरात असावी, पण खड्डा पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

एवढ्या पावसात फुगणारी चिकणमाती टिकते कशी, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. उत्तर खडकात सापडले. घाटातल्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसतात, ते झिओलाइट. ते हळूहळू विरघळतात आणि मातीला कॅल्शियम पुरवत राहतात. वरून धुतलेले कॅल्शियमही तळाशीच येते. तुमच्या खालच्या नमुन्याचा सामू 6.9 का, हे त्यावरून कळेल.

खाचरात एक वीत खाली करडी माती आणि तिच्यात गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले, तर ती रोगट समजू नका. पाणी साचले की हवा तुटते, लोहाचे रूप बदलते आणि रंग करडा होतो. मुळांच्या वाटेने हवा शिरते तिथे लोह पुन्हा गंजते. भातखाचराची ही रीतच आहे, आणि वर्गीकरणात हे ठिपके किती खोलीवर सुरू होतात हे मोजून लिहितात.

आणखी एक गोष्ट ऐकून लोकांना नवल वाटते. इतका पाऊस असूनही या मातीच्या नावात कोरड्या काळाची खूण म्हणून ‘उस्ट’ हे अक्षर येते. वर्षात एकूण 90 दिवस किंवा त्याहून जास्त मातीचा ठरावीक थर पुरता किंवा काही भागात कोरडा राहत असेल तर ते लावतात. पाऊस चार महिन्यांत कोसळून संपतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तुमची मधली पट्टी ठणठणीत असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता खड्डा कसा घ्यायचा ते. तिन्ही पट्ट्यांत एकेक, दीड मीटर किंवा कातळ लागेपर्यंत. पाहायची बाजू उन्हाकडे ठेवा, काढलेली माती त्या बाजूच्या काठावर टाकू नका. खुरप्याने भिंत खरवडून ताजी करा आणि वरून खाली रंग कुठे बदलतो, दगड कुठे वाढतात, मुळे कुठे थांबतात ते लिहून काढा. ओढ्याची ताजी दरड किंवा विहिरीचा काठ असेल तर खणायचेही श्रम वाचतील. काळ्या मातीसाठी मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा बघा, कारण भेगा तेव्हाच दिसतात. खतांसाठीचे नमुने मात्र वेगळे, वरच्या वीतभर थरातले, आणि तीन पट्ट्यांचे कधीही एकत्र मिसळायचे नाहीत. मिसळलेल्या पिशवीचा अहवाल तुमच्या एकाही पट्टीचा नसतो. अहवालात प्रकार नव्हता तो याच कारणाने: पिशवीतल्या मातीत थर दिसत नाहीत, आणि प्रकार थरांवरून ठरतो.

या सगळ्याचा उपयोग असा. वरच्या आणि मधल्या आम्ल मातीत लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) बांधून ठेवतात. म्हणून सुपर फॉस्फेट विस्कटून फेकू नका, शेणखतात मिसळून ओळीजवळ द्या. खाचर भाताचेच ठेवा. वरच्या पट्टीत तालींची डागडुजी दरवर्षी उन्हाळ्यात करा, तिथे गेलेला इंचभर थर तुमच्या हयातीत परत येत नाही.

एक विनंती कळकळीने करते. मधल्या पट्टीत कोनेदार दगड आणि माती बेशिस्त मिसळलेली दिसली, तर ती वरून घसरून साठलेली आहे. तिथे जेसीबी लावून उताराचा पायथा उभा कापू नका. अतिवृष्टीत पाणी मुरमाच्या किंवा कातळाच्या तोंडाशी अडते आणि वरचा भार सुटतो. जुलै 2021 मध्ये आपल्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडींनी माणसे नेली. सपाटीकरणाच्या आधी भूवैज्ञानिकाला किंवा कृषी विभागातल्या जाणकाराला जागा दाखवा.

प्रश्न: शिराळ्याच्या शाळेत सातवीच्या मुलांना वारणा खोऱ्यातली माती दाखवायची आहे. साहित्य काही नाही. काय करता येईल?
– एक शिक्षिका, शिराळा

उत्तर: मुलांना डोंगरावरची, शेतातली आणि नदीकाठची माती आणायला सांगा. काचेच्या उभ्या बरण्यांत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर सोडा घालून चांगले हलवा, मग हात लावू नका. रेती मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी पट्टीने थर मोजू द्या. नंतर ओल्या मातीची वळी करून अंगठ्याने पट्टी काढू द्या. नदीकाठची लांब निघते की डोंगरावरची, हे त्यांना आधी वहीत लिहायला लावा आणि मग करून बघू द्या. शेतात भेग सापडली तर तीत काडी घालून खोली मोजायचे काम वर्गातल्या सगळ्यात खोडकर मुलाला द्या, तो ते मनापासून करील.