मुलीला आमदार करण्याआधी

प्रश्न : मी जिल्हा परिषदेचा माजी सदस्य आहे. २०२४ ची विधानसभा अपक्ष लढवली, अनामत जप्त झाली. माझे नाव आता चालत नाही. माझी मुलगी बावीस वर्षांची असून बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण चांगले आहेत. तिला जीपॅट देऊन एम. फार्म. करायचे आहे. महिला आरक्षण लागू झाले की आमचा मतदारसंघ महिलांसाठी राखीव होईल, असे येथे सर्वजण बोलतात. २०२९ पर्यंत तिचे वय बसेल. म्हणून एम. फार्म. न करता तिने कायद्याला किंवा राज्यशास्त्राला प्रवेश घ्यावा आणि आतापासूनच माझ्यासोबत कार्यक्रमांना यावे, असा माझा विचार आहे. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांकडे तिचे नाव सुचवले आहे. कारभार मी बघेन, तिने फक्त सह्या करायच्या आहेत. वेळ आली तर तीन एकर विकायची तयारी आहे. ती विरोध करत नाही, गप्प असते. आमदार होण्यासाठी कोणती पदवी घ्यावी?
— एक पालक

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. विधानसभेची निवडणूक लढवण्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. उमेदवार भारताचा नागरिक असावा, राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत मतदार असावा आणि अर्जांच्या छाननीच्या दिवशी त्याची पंचवीस वर्षे पूर्ण झालेली असावीत. शिक्षणाची अट राज्यघटनेने घातलेली नाही. त्यामुळे केवळ आमदारकीसाठी तिला राज्यशास्त्राला घालण्याचे काहीही कारण नाही, आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेली व्यक्ती आमदार म्हणून कुठे कमी पडते असेही नाही.

मात्र आपले पत्र वाचताना मी या प्रश्नावर थांबलो नाही. मी थांबलो ते ‘ती विरोध करत नाही, गप्प असते’ या वाक्यावर. पत्रात आपल्या पराभवाचा आणि आरक्षणाच्या शक्यतेचा तपशील आहे. मुलीविषयी मात्र तिचे वय, तिची पदवी आणि तिचे गप्प बसणे एवढेच आहे. बावीस वर्षांच्या ज्या मुलीने आपल्याला काय शिकायचे आहे, कोणती परीक्षा द्यायची आहे हे स्पष्टपणे सांगितले आहे, ती एका विषयावर बोलत आहे आणि दुसऱ्या विषयावर मौन पाळत आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. ते मौन आपण संमती म्हणून धरले आहे. माझ्या मते तो नकार आहे, आणि घरात नकार देण्याची सोय नसल्यामुळे तो शब्दांत आलेला नाही.

असे मौन मी समुपदेशनाच्या खोलीत पुष्कळदा पाहिले आहे. वडील बोलत असतात, मुलगा किंवा मुलगी शेजारी बसलेली असते, आणि प्रश्न तिला विचारला तरी उत्तर वडिलांकडूनच येते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या बाबतीत हा दबाव निदान काही वर्षांत पदवीवर येऊन थांबतो, नंतर मूल दुसरीकडे वळू शकते. निवडणुकीचे तसे नाही. एकदा मुलीचे नाव तालुक्यात फिरले, तिचे फोटो फलकांवर लागले की गावाच्या आणि नातेवाइकांच्या नजरेत ती ‘भावी आमदार’ होते, आणि मग शिक्षण, नोकरी, लग्न, बोलणे, कपडे या प्रत्येक गोष्टीवर संपूर्ण मतदारसंघ मत देऊ लागतो. ज्याने ही वाट स्वतः निवडली त्यालाही हे जड जाते. जिने निवडली नाही तिला त्या गर्दीत ढकलणे हा अन्याय आहे, आणि हे मी आपल्याला सौम्य शब्दांत सांगू शकत नाही.

आता ‘फक्त सह्या’ या गैरसमजाकडे वळतो, कारण तो आपल्यापुरता मर्यादित नाही. ग्रामपंचायतीत पत्नी सरपंच आणि खुर्चीवर पती, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि तेच विधानसभेतही चालेल असे अनेकांना वाटते. ते चालत नाही, आणि सहीचा धोका तर पहिल्या दिवसापासून सुरू होतो. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते. त्यात मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे यांची माहिती असते, आणि ती खोटी दिली किंवा दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ती शिक्षा सही करणाऱ्या उमेदवाराला होते, माहिती भरून देणाऱ्या वडिलांना नव्हे. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. त्या खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशेब सादर करावा लागतो. तो योग्य रीतीने दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. तेथेही नाव तिचेच असेल. निवडून आल्यावर शपथ तिला घ्यावी लागेल, तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नावर उपप्रश्न तिला विचारावा लागेल, तातडीच्या विषयावरील लक्षवेधी सूचनेवर मंत्र्यांचे उत्तर अपुरे वाटले तर उभे तिला राहावे लागेल, आणि पक्षादेश मोडून मत दिले गेले तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीने, सदस्यत्व तिचे जाईल. मुंबईत असो वा हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात, सभागृहाच्या दारापर्यंतच आपण तिच्यासोबत जाऊ शकता. ज्याला आपण नावापुरती जागा म्हणता, ती कायद्याच्या दृष्टीने संपूर्णपणे तिच्या जबाबदारीची जागा आहे.

आरक्षणाविषयीही आपण फार पुढे गेला आहात. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांमध्ये महिलांसाठी एक तृतीयांश जागांची तरतूद केली. मात्र त्या दुरुस्तीच्या मजकुरात जनगणना आणि तिच्यानंतर होणारी मतदारसंघांची पुनर्रचना या दोन अटी आहेत, आणि पुढील प्रत्येक पुनर्रचनेनंतर राखीव जागा फिरणार आहेत. पुनर्रचनेत आपल्या मतदारसंघाच्या सीमा आज आहेत तशाच राहतील याचीही खात्री नाही. तेव्हा ‘आमचा मतदारसंघ महिलांसाठी जाईल’ हे चावडीवरचे बोलणे आहे, आणि त्याच्या भरवशावर मुलीची दोन वर्षे काढून घेणे योग्य नाही. २८८ सदस्यांच्या आपल्या विधानसभेत महिलांचे प्रमाण आजही एक दशांशापर्यंत पोहोचलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. हे आरक्षण यावे असेच मला वाटते. परंतु वडिलांच्या सहीऐवजी मुलीची सही, यासाठी ते आलेले नाही.

समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांचे उदाहरण येथे आठवते. त्यांनीही शिक्षण अर्धवट सोडले होते, तेही वैद्यकीय शिक्षण. पण राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी स्वतः ते सोडले. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, गोरेगावच्या पाण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे लढल्या, आणि विधानसभेत पोहोचल्या त्या १९७२ मध्ये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी सभागृहात अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, आणले होते, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्या विषयावर देशातला पहिला कायदा केला. आमदाराचे काम कसे असते हे पाहायचे असेल तर ते येथे दिसते: प्रश्न समजून घेणे, सभागृहाचे नियम वापरणे आणि सरकारला कायद्यापर्यंत आणणे. यातले काहीही मागे उभे राहून दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

आपल्याला राजकारणाची ओढ आहे, हे पत्रातून स्पष्ट दिसते, आणि त्यात गैर काहीच नाही. म्हणून माझा सल्ला असा आहे की निवडणूक आपणच लढवा. अपक्ष म्हणून अनामत जाणे म्हणजे वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मते मिळणे; त्यातून आपले संघटन कोणत्या गावांत नाही हे समजते, पण राजकीय आयुष्य संपत नाही. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, हे सर्वांना ठाऊक असते; ते १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये पराभूतही झाले होते आणि दोन्ही वेळा लोकांमध्ये राहून परत निवडून आले, हे मात्र फारसे आठवले जात नाही. आर. आर. पाटील १९९० मध्ये विधानसभेत गेले, त्याआधी दशकभर ते जिल्हा परिषदेत काम करत होते. जिल्हा परिषदेचा अनुभव आपल्याकडे आहे. तेथे पुन्हा उभे राहा, केंद्राकेंद्रावरची मते तपासा, आणि पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, हवा असेल तर तो स्वतःच्या कामाच्या बळावर मागा. ‘माझे नाव आता चालत नाही’ असेही आपण पत्रात लिहिले आहे. तसे असेल तर तेच नाव मुलीच्या नावामागे लावून लोक मत देतील, ही अपेक्षा कशाच्या आधारावर?

तीन एकरांविषयी मी फार लिहिणार नाही. आमदारकी पाच वर्षांची असते, मुदतीआधीही संपू शकते, आणि हरलेल्या उमेदवाराला झालेला खर्च कोणी परत देत नाही. शेती विकून मिळवलेली जागा जिंकली तर तो पैसा कोठून भरून काढायचा हा प्रश्न पहिल्याच वर्षी दारात येतो. आमदार निधी हे त्याचे उत्तर नाही. ती कामे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंजूर होतात आणि तो पैसा आमदाराचा नसतो. पत्नीला विचारल्याशिवाय आणि मुलांचा वाटा लक्षात घेतल्याशिवाय ती जमीन बाजारात काढू नका.

मुलीच्या मार्गाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण तिचा मार्ग तिला माहीत आहे. जीपॅट, मग एम. फार्म., आणि त्यानंतर संशोधन, औषध कंपन्यांतील गुणवत्ता विभाग किंवा लोकसेवा आयोगामार्फत औषध निरीक्षक, असे पर्याय तिच्यापुढे खुले आहेत. शासकीय सेवेत गेल्यास निवडणूक लढवण्याआधी राजीनामा द्यावा लागतो, एवढे तिने लक्षात ठेवावे. तिला स्वतःला कायदेमंडळाच्या कामात रस असेल, तर पदवीनंतर खासदारासोबत वर्षभर संशोधन साहाय्यक म्हणून काम करण्याची लॅम्प फेलोशिप आहे. पण हा पर्याय तिने विचारला तरच तिच्यासमोर ठेवा.

जिल्हाध्यक्षांकडे तिचे नाव आपण तिला न विचारता दिले असावे असे पत्रावरून वाटते. तसे असल्यास या आठवड्यात त्यांना भेटून ते मागे घ्या आणि मागे घेतल्याचे तिला सांगा. जीपॅटची परीक्षा होईपर्यंत तिला एकाही कार्यक्रमाला नेऊ नका. मला तिच्याशी बोलायला आवडेल. तिने स्वतः लिहावे, आणि ते पत्र आपण वाचू नये.