एफडी मोडून गावच्या घरावर सोलर? जरा थांबा

ताई, मेल दोनदा वाचला तुमचा. दापोलीकडच्या घरी आईबाबा दोघंच, 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात कित्येक दिवस लाईट नव्हती, बाबांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, म्हणून आता 2 लाखांची एफडी मोडून 3 किलोवॅटचं सोलर बसवायचं म्हणताय. काळजी अगदी पटते, पण ह्या कारणासाठी नका करू.

सरकारी सबसिडीतलं सोलर बहुतेक ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं असतं, लाईन गेली की तेही आपोआप बंद पडतं, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून मुद्दाम तसंच बनवतात. वादळात त्याचा उपयोग शून्य. आणि 78,000 सबसिडी धरूनही खिशातून लाखभर जाणार, बिल तुम्ही लिहिलंय महिना 700, सगळं वाचलं तरी वर्षाचे 8,400, म्हणजे वसूल व्हायलाच बारा वर्षं.

त्यापेक्षा इन्व्हर्टर आणि 150 एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) ची ट्युब्युलर बॅटरी घ्या, साधारण 20-25 हजारात होतं. लॉस धरून 1,200 वॅट-अवर हातात येतात असं पकडा, जुने 75 वॅटचे दोन पंखे आणि चार एलईडी लावले तर सहा तास, पण पंखे 30 वॅटवाले बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले तर तीच बॅटरी बारा तास जाते, म्हणून पंख्यांवर खर्च कराच. फ्रीज त्यावर नको. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारात 30 डिग्रीच्या आत चारेक आठवडे बाहेर चालतं, बाबांचं कुठलं आहे ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

खांबच पडले तर बॅटरी पहिल्याच रात्री संपणार हे खरंय. त्यासाठी वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून छोटा पेट्रोल जनरेटर घ्यावा असं मला वाटतं, रोज दोन तास फिरवला तरी बॅटऱ्या थोड्या चार्ज होतात, मोबाईल होतात. फक्त तो उघड्यावर, खिडकीपासून लांब, पडवीत तर अजिबात नाही, धुराने माणसं दगावतात.

आणि कॅश! टॉवर गेले की यूपीआय नाही, एटीएम नाही. मे संपायच्या आत 10 हजार घरात ठेवा, 100-200 च्या नोटांत.

एफडी राहू दे, बाबांच्या दवाखान्यासाठी तीच आहे, अडलंच तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघायचं काम मात्र बाबांना नका सांगू, वाकावं लागतं, शेजारच्या पोराला सांगून ठेवा.