गोठलेली लस फेकून का देतात?

प्रश्न : बाळाला दहाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलेंट लस द्यायची होती. सिस्टरनी कुपी हलवून पाहिली, 'ही गोठून गेलीये' म्हणाल्या आणि पुढच्या बुधवारी बोलावलं. लस थंडच ठेवतात ना? मग जरा जास्त थंड झाली तर काय बिघडलं?
– एक आई, जि. सातारा

उत्तर : ताई, तुम्हाला हेलपाटा पडला खरा, पण त्या सिस्टरनी अगदी योग्य केलं.

पोलिओचे थेंब उणे वीस अंशांवरही ठेवतात, म्हणून हा गैरसमज होतो. पेंटाव्हॅलेंटला, म्हणजे पाच आजारांवरच्या या एकत्र लसीला, मात्र 2 ते 8 अंशच लागतात. तिच्यातला लसीचा अंश अॅल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. आपली तुरटी याच घराण्यातली. 1926 मध्ये लंडनला अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लसीत तुरटी घालून साका पाडला. त्या साक्याने प्रतिकारशक्ती कितीतरी जास्त जागी झाली. शरीरातल्या पहारेकरी पेशी हे कण गिळतात, त्यांच्यासोबत लसही आत जाते.

गोठताना बर्फाचे स्फटिक या कणांना एकमेकांवर दाबतात. त्यांच्या गुठळ्या होतात आणि लस वितळली तरी त्या सुटत नाहीत. अशा लसीचा जोर कमी होतो. कुपीवरचा रंग बदलणारा छोटा चौकोन फक्त उष्णता लागली का ते सांगतो, गोठल्याचं नाही.

मी आरोग्यसेविका म्हणून नवीन असताना एकदा घाईत डीप फ्रीझरमधले आइस पॅक तसेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड डब्यात, भरले. पॅकला घाम सुटून आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवायचे असतात. वस्तीवर पोचून डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वातावरची लस) कुपी हलवली, तर आत नासलेल्या दुधासारखे कण. ओसरीवर बाळं घेऊन बसलेल्या बायकांना परत पाठवताना फार वाईट वाटलं, पण टोचलं नाही. केंद्रावर आल्यावर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवली आणि दोन्ही हलवून टेबलावर शेजारी ठेवल्या. दोन्हींचा गाळ सारख्याच वेगाने तळाशी बसला, वर नितळ पाणी. चांगली लस इतक्या लवकर निवळत नाही, बराच वेळ गढूळच राहते. त्या दिवसापासून पॅक हलवून कानाशी धरल्याशिवाय मी कॅरियर बंद केला नाही.

आठवडाभराच्या उशिराने काही बिघडत नाही, पहिला डोस पुन्हा घ्यावा लागत नाही. बुधवारी कार्ड घेऊन नक्की जा. तिसरा डोस मात्र त्यानंतर चार आठवडे झाल्यावरच घ्या.