नॅरोबोट घ्यायचीये? बोट नंतर बघा, आधी ती उभी कुठे करणार ते ठरवा

तुमचा प्लॅन वाचला. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला भाड्याचा फ्लॅट, दोघंही आयटीत, एकाचं पूर्ण घरून काम आणि दुसऱ्याला आठवड्यातून दोन दिवस लंडनचं ऑफिस, आणि हिशोब असा की ५७ फुटी सेकंडहँड नॅरोबोट (कॅनॉलवरची लांबट, अरुंद बोट) घ्यायची, मूरिंग (बोट बांधून ठेवायची कायमची जागा) घ्यायचंच नाही, कॅनॉलवर फिरत राहायचं, म्हणजे भाडं शून्य आणि दोन-तीन वर्षांत घराचं डिपॉझिट जमा. हिशोब वाईट नाहीये, पण "मूरिंग नको" हे जे तुम्ही सहज लिहून गेलात ना, सगळं गाडं तिथेच अडतं. आम्ही दोघं गेली काही वर्षं बोटीवरच राहतो, बहुतेक वेळ फिरते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो, बोटीचा रंग आणि किचन नंतर.

इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कॅनॉल २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, त्याआधी ब्रिटिश वॉटरवेज होतं. लायसन्स काढताना दोनच पर्याय असतात. एक तर बोट ठेवायची कायमची जागा दाखवा, नाहीतर आम्ही कंटिन्युअस क्रूझर, म्हणजे सतत फिरते, आहोत असं जाहीर करा. दुसरा पर्याय १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातून आलाय, त्यात म्हटलंय की बोट खरोखर प्रवासासाठी वापरली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, काही वाजवी कारण असेल तर गोष्ट वेगळी. आता लोक काय करतात, चौदाव्या दिवशी पुलाच्या पलीकडे बोट सरकवतात आणि पंधरवड्याने परत अलीकडे आणतात. ते चालत नाही. ट्रस्टचे लोक टोपाथवरून (कॅनॉलकाठच्या पायवाटेवरून) फिरून बोटींचे नंबर नोंदवत असतात, आणि त्यांनी सांगूनच ठेवलंय की वर्षभरातली तुमची रेंज १५-२० मैलांपेक्षा कमी असेल तर तुम्ही खरे फिरते आहात हे आम्हाला पटणं कठीण. आधी मेल येतो, मग वर्षाऐवजी सहाच महिन्यांचं लायसन्स मिळतं, आणि तरी सुधारलं नाही तर शेवटी बोट पाण्यातून उचलण्यापर्यंत प्रकरण जातं. शिवाय एप्रिल २०२४ पासून कायमचं मूरिंग नसलेल्यांना लायसन्सवर सरचार्ज आहे आणि तो दरवर्षी वाढत जाणार असं ठरलंय, तेव्हा फिरतं राहणं म्हणजे फुकट हे डोक्यातून काढा.

पण तुमच्या केसमध्ये नशीब बरं आहे, कारण ग्रँड युनियन कॅनॉल आणि लंडनच्या युस्टन स्टेशनची रेल्वे लाइन बराच वेळ एकमेकींना धरून चालतात. हेमेल हेम्पस्टेड, बर्कम्स्टेड, ट्रिंग, चेडिंग्टन, लेटन बझर्ड, ब्लेचली, वुल्व्हर्टन ही सगळी स्टेशनं कॅनॉलपासून चालत गाठता येतात, ट्रिंगचं स्टेशन तर गावापेक्षा कॅनॉललाच जवळ आहे. हेमेल ते वुल्व्हर्टन पाण्याने तीस मैलांहून जास्त भरतं, मधे चाळीसच्या वर लॉक (बोट वर-खाली करणारे, दोन्हीकडे गेट असलेले पाण्याचे हौद) लागतात, म्हणजे वर्षभर या पट्ट्यात नीट पुढे पुढे सरकत राहिलात तर नियमही पाळला जाईल आणि ऑफिसही गाठता येईल. मिल्टन कीन्सच्या आसपासचा भाग नवशिक्यांना फार सोपा, फेनी स्ट्रॅटफर्डचं एक फुटभर उंचीचं गमतीदार लॉक सोडलं की थेट कॉसग्रोव्हपर्यंत सपाट पाणी. मात्र दर पंधरवड्याला स्टेशन बदलणार, म्हणजे तिकिटाचा खर्च बदलणार, गाडी असेल तर बोट हलवून झाल्यावर ट्रेनने किंवा सायकलने मागे जाऊन ती आणावी लागणार, आणि हे सगळं शनिवारी-रविवारी, कारण वीकडेला दोघंही कामात. वेळ काढायचा ठोकताळा असा की मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तीनने भागा, तेवढे तास धरा. दहा मैल आणि आठ लॉक म्हणजे सहा तास. स्पीड लिमिट ताशी ४ मैल आहे आणि उभ्या बोटींच्या बाजूने जाताना तर त्याहून हळू जायचं, नाहीतर आतला माणूस चहाचा कप सावरत बाहेर येऊन शिव्या देतो आणि ते बरोबरच आहे.

खुद्द लंडनमध्ये बोट ठेवायची स्वप्नं बघू नका. रीजंट्स कॅनॉलवर बोटीला बोट लावून दुहेरी रांगा असतात आणि मोक्याच्या जागा आता आधी बुक करून, पैसे भरून घ्याव्या लागतात. आणि मूरिंग घ्यायचंच ठरवलं तर एक फरक लक्षात ठेवा, लेजर (हौसेपुरत्या) मूरिंगवर कायमचं राहायला परवानगी नसते, रेसिडेन्शियलला (राहण्यासाठीच्या) असते पण त्यासाठी त्या जागेला प्लॅनिंग परमिशन लागते, अशा जागा कमी, महाग आणि वेटिंग लिस्टवाल्या. लेजर घेऊन गुपचूप राहणारे खूप आहेत, मरीनावाला (बोटतळाचा मालक) डोळेझाक करतो तोपर्यंत ठीक, पण तुमच्यासारख्या व्हिसा आणि नोकरीवाल्यांनी त्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिसावरून आठवलं, पत्ता! बँक, ड्रायव्हिंग लायसन्स, ऑफिसचं एचआर, सगळ्यांना पत्ता लागतो आणि व्हिसावर असाल तर होम ऑफिसच्या (ब्रिटनच्या गृहखात्याच्या) ऑनलाइन खात्यातही पत्ता बरोबर ठेवावा लागतो. बरेच बोटवाले भावाबहिणीचा किंवा मित्राचा पत्ता टपालासाठी वापरतात. टपालासाठी ठीक, पण "मी इथे राहतो" असं खोटं कुठे लिहायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच. गाडीच्या इन्शुरन्सलाही गाडी रात्री कुठे उभी असते ते खरं सांगावं लागतं. जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) टेन्शन नको, इंग्लंडमध्ये पत्त्याच्या पुराव्याशिवाय नाव नोंदवता येतं, रिसेप्शनवर कुणी अडवलं तर शांतपणे हेच सांगा.

आता बोट. ५७ फूट ही लांबी तुम्ही बरोबर निवडलीत, एवढी बोट जवळजवळ सगळ्या नेटवर्कवर फिरते, ७० फुटी केली तर उत्तरेकडच्या काही कॅनॉलची लॉक आखूड पडतात. रुंदी ६ फूट १० इंच, कारण मिडलँड्समधली लॉक ७ फुटांची आहेत. वाइडबीम (जास्त रुंद बोट) बघून मन चळेल, आत अगदी फ्लॅट वाटतो, पण ती घेऊन तुम्ही दक्षिणेतच अडकणार, बर्मिंगहॅमच्या बाजूची अरुंद लॉक ओलांडून उत्तरेत जाता येत नाही, क्रेनने उचलून ट्रकवर टाकावी लागते.

पैसे सगळे लोखंडात आहेत हे समजून बोट बघायला जा. साधारणपणे तळ १० मिलिमीटर, बाजू ६ आणि वरचं छप्पर ४ असं प्लेटचं माप असतं, जुन्या बोटींचा तळ ६ चाही असतो. गंज तळाला आणि पाण्याच्या रेषेवर आधी लागतो. म्हणून बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घ्यायची, सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) तुम्ही शोधायचा, ब्रोकरने सुचवलेला नाही. कुठेही ४ मिलिमीटरच्या खाली गेली तर बहुतेक इन्शुरन्सवाले कुरकुर करतात आणि मग वरून नवीन प्लेट वेल्ड करायचा हजारोंचा खर्च येतो. विकणारा "बोट सेफ्टी सर्टिफिकेट आहे ना" म्हणून समोर कागद धरेल. ते चार वर्षांचं असतं, गॅस, वायरिंग, इंधन, आगीचा धोका एवढंच बघतं, तळाला भोक पडायच्या बेतात आहे का याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरं म्हणजे बोटीचा नंबर हा मालकीचा पुरावा नव्हे. मागच्या खरेदीविक्रीचे कागद, पावत्या, कर्ज शिल्लक आहे का, सगळं मागा. बोट मरीनात शोअर पॉवरला (काठावरच्या विजेला) जोडून राहिलेली असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (त्या वायरीतून होणारी झीज अडवणारं उपकरण) बसवलाय का तेही विचारा, नसेल तर शेजारच्या बोटींच्या नादाने तुमचं लोखंड हळूहळू पाण्यात जातं. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून ब्लॅकिंग (तळाला गंजरोधक काळा लेप) करायचं, तो खर्चही आत्ताच धरा.

किंमत म्हणाल तर राहण्यासारखी ५७ फुटी साधारण ५० ते ९० हजार पौंडांत बघा, नवीन बांधून घेतली तर दीड लाखाच्या पुढे. नेहमीचं घराचं मॉर्गेज यावर मिळत नाही. आणि खाली जमीन नाही, किंमत वाढत वगैरे नाही, त्यामुळे डिपॉझिटचे पैसे सगळे बोटीत घालू नका, निदान दहा टक्के पहिल्या वर्षाच्या दुरुस्त्यांना बाजूला ठेवा. वर लायसन्सचे वर्षाला हजाराच्या वर पौंड, इन्शुरन्स, कोळसा, डिझेल, गॅस, इंजिन सर्व्हिस. भाड्यापेक्षा कमीच होतं, पण तुम्ही काढलंय तेवढं कमी नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात अवघड विषय माझ्या मते वीज आहे, टॉयलेट नव्हे. दोन लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, १२ व्होल्टचा फ्रिज आणि दिवे मिळून दिवसाला दीड युनिट आरामात जातं, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपियर-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, तर एका दिवसासाठीच अडीचशेची बँक (बॅटऱ्यांचा संच) झाली. छपरावर ६०० वॉटचं सोलर टाकलं तर जूनमध्ये इंजिनाला हातही लावावा लागत नाही, डिसेंबरात मात्र तेच सोलर शोभेला, मग रोज काही तास इंजिन चालवा, आणि रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे, म्हणजे नेमकं तुमच्या मीटिंगच्या वेळेत खाली डिझेल इंजिन धडधडणार. लिथियम घ्यावी, पण आल्टरनेटरला (इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नका, तो तापून जळतो, मधे चार्जर लागतो. ट्रिंगजवळच्या खोल कटिंगमध्ये (डोंगर कापून केलेल्या भागात) झाडीमुळे ऊनही कमी, आठवडाभराचं काम असताना तिथे मुक्काम टाकू नका, आणि कुठेही थांबायच्या आधी फोनवर सिग्नल बघून मगच खुंट्या ठोका.

हिवाळ्यात आणखी एक गंमत, नोव्हेंबर ते मार्च ट्रस्ट दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतं, यादी आधी येते, ती बघून आपण कुठल्या बाजूला अडकायचं ते ठरवायचं. कॅनॉल गोठला तर बर्फ फोडत जाऊ नका, पाण्याच्या रेषेवरचं ब्लॅकिंग खरवडून निघतं. गॅस लाल सिलिंडरचा प्रोपेनच घ्या, ब्युटेन शून्याच्या आसपास येतच नाही. स्टोव्हला धूररहित कोळसा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर सक्तीचाच आहे. थंडी वाजते म्हणून व्हेंट बोळे घालून बंद करणारे महाभाग असतात, तसं कधी करू नका, जीव जातो. ओल मात्र येतेच, त्यात आपली कुकरची वाफ आणि फोडणी, सात फुटी नळकांड्यात हिंगाचा वास पुढच्या आठवड्यापर्यंत ब्लेझरला येतो, तेव्हा ऑफिसचे कपडे बंद कपाटात.

टॉयलेटबद्दल एवढंच की कॅसेटवाला (खाली काढता येणारी टाकी असलेला) घ्या, एक जादा कॅसेट ठेवा, एल्सन पॉइंटला (ती रिकामी करायच्या ठरलेल्या जागी) जाऊन रिकामी करा, दोन वेळात सवय होते. कंपोस्टिंगवाले फार प्रचार करतात पण ट्रस्टने तो कचरा त्यांच्या डब्यात टाकायला बंदी केलीये, मग फिरत्या बोटीवर तो पिकवणार कुठे?

लॉकमधून खाली उतरताना मागच्या गेटखाली एक काँक्रीटची पायरी असते, सिल म्हणतात, बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला आणि पाणी उतरत राहिलं तर बोट नाक खाली घालून बुडते. भिंतीवर पांढरी खूण असते, तिच्या पुढेच राहायचं आणि उतरताना दोर कधीच पक्का बांधायचा नाही. हे एक-दोन दिवसांच्या हेल्म्समन (बोट चालवायच्या) कोर्समध्ये नीट शिकवतात. परवाना सक्तीचा नाही, तरी दोघांनीही कोर्स करा, दोघांनीही, नाहीतर एकजण कायम टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) मिरवतो आणि दुसरा पावसात विंडलास (लॉक उघडायचा हँडल) घेऊन पळतो. आणि लंडनच्या साउथॉलकडे कधी गेलात तर सावकाश जा, तिथे आपलीच मंडळी पूजेचे नारळ पाण्यात सोडतात आणि प्रोपेलरला साडी गुंडाळली जाण्याचे किस्से बोटवाले चवीने सांगतात, थंड पाण्यात वीड हॅचमधून (प्रोपेलरवरच्या झाकणातून) हात घालून ती कापत बसावं लागतं.

बोट बघायला लागायच्या आधी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत एक आठवडा भाड्याने घ्या आणि सुट्टी न काढता त्यावर राहून काम करा. जुलैमध्ये घेऊ नका, जुलैमध्ये सगळ्यांनाच आवडतं.

तुमच्या मिसेसनी विचारलंय मिक्सर आणि वॉशिंग मशीनचं. प्युअर साइन इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्यासारखी करणारा) २००० वॉटच्या पुढचा असला तर ७५० वॉटचा मिक्सर चटणीपुरता खुशाल चालतो, इडलीचं पीठ वाटायचं असेल तर इंजिन चालू असताना वाटा. इंडक्शन, इलेक्ट्रिक किटली, हेअर ड्रायर विसरा. मशीन बसवता येतं, पण विजेपेक्षा पाणी खातं आणि टाकी भरायला नळाखाली तासभर बोट लावून उभं राहावं लागतं, त्यामुळे आम्ही चादरी आणि जीन्स गावातल्या लाँड्रेटला नेतो आणि बाकीचं हाताने.