देणगीची वही कुणाची?

प्रश्न : ताई, नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमचा छोटा सार्वजनिक न्यास आहे. खासगी मालकीचं रान तुटू नये म्हणून आम्ही जमीनमालकांशी दहा-दहा वर्षांचे करार करतो. आम्ही दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची आणि त्यांनी लाकडाच्या ठेकेदाराला रान विकायचं नाही. गेली सोळा वर्षं देणग्या आणायचं काम आमचे एक विश्वस्त एकहाती बघत होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आता ते मुलीकडे बंगळुरूला कायमचे निघालेत. त्यांच्या जागी तिशीतली एक मुलगी नेमलीय. हुशार आहे, मुंबईत सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीचं, काम केलंय. पण तिने पहिल्याच आठवड्यात दहा देणगीदारांना फोन केले, त्यातल्या सात जणांनी विचारलं, "भाऊ कुठायत?" बैठकीत आता दोन तट पडलेत. काही म्हणतात भाऊंना सल्लागार म्हणून ठेवा, काही म्हणतात मुलीला मोकळं सोडा. काय करावं?
— एक विश्वस्त, जि. रत्नागिरी

उत्तर : सात जणांनी भाऊंची चौकशी केली ते साहजिकच आहे. उरलेल्या तिघांनी काय विचारलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला तेच हवं होतं. त्यातल्या एकाने जरी "रानाचं कसं चाललंय?" असं विचारलं असेल, तर त्याच्यापासून सुरुवात करा.

सल्लागारपद वगैरे काढू नका. सल्लागार म्हटलं की देणगीदार पुन्हा भाऊंनाच फोन लावणार आणि मुलगी पावत्या फाडत बसणार. त्यापेक्षा भाऊंकडून निघण्याआधीचे दोन महिने मागून घ्या. रोज तासभर दोघांना समोरासमोर बसवा. भाऊंनी एकेका नावावर बोलायचं, मुलीने लिहायचं. रक्कम आणि फोन नंबर तुमच्या संगणकात असतीलच. बाकीचं सगळं भाऊंच्या डोक्यात आहे.

हे मी अनुभवाने सांगते. मी एका संस्थेत अशीच दुसऱ्या बाईंच्या जागी गेले होते. त्यांनी मला छान आखलेली एक्सेलची यादी दिली. एक आजोबा दरवर्षी ५,००१ रुपये पाठवायचे, त्या वर्षी आले नाहीत. मी छापील स्मरणपत्र टाकलं, उत्तर नाही. पुढे कपाट आवरताना बाईंची लाल बांधणीची वही हाती लागली. आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, "पत्नीच्या तिथीला. माघ वद्य षष्ठी. तारखेवर जाऊ नये. चार दिवस आधी फोन. पैशाचं बोलायचं नाही." मी गेल्या वर्षीची तारीख बघून पत्र पाठवलं होतं आणि तिथी उलटून अकरा दिवस झाले होते. गेले मग त्यांच्या घरी. त्यांनी चहा दिला, देणगी काही परत सुरू झाली नाही.

अशाच नोंदींत एक गोष्ट कायद्याची निघेल. कोकणातल्या संस्थांना परदेशातली चाकरमानी मंडळी बरीच मदत करतात. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस तिकडे राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच माणसाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की तीच रक्कम एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते, भारतीय वंशाचा म्हणून मिळालेलं ओसीआय कार्ड असलं तरी. मग संस्थेकडे ती नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवा. कुणी पासपोर्ट बदलला हे भाऊंना लग्नकार्यात कळलेलं असतं. नव्या मुलीला कुठून कळणार? प्रत्येकाला विचारून घ्या.

कागदांचं थोडक्यात. भाऊ विश्वस्त आहेत, म्हणजे त्यांचा राजीनामा मंजूर झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा. बँकेतल्या सह्या बदलायच्या. आयकराच्या पोर्टलवर कुणाचा मोबाइल आहे तेही आजच बघा. माझी पैज आहे, भाऊंचाच असणार. देणगीदारांचं १०बीडी विवरण ३१ मेच्या आत भरावं लागतं, त्यावरूनच त्यांना ८०जीची, म्हणजे देणगीवरची, करसवलत मिळते. त्या दिवशी ओटीपी बंगळुरूला वाजला आणि भाऊ नातवाला घेऊन बागेत गेलेले असले, तर इकडे तुमची धावपळ.

आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट. देणगीदारांचं एवढं लिहिलंत, जमीनमालकांना कुणी सांगितलंय का? करारावर सही न्यासाची असेल, पण मालकाने शब्द भाऊंना दिलाय. कोकणातला सातबारा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एका गटावर पंधरा-सतरा नावं, अर्धी विरार-नालासोपाऱ्याला. त्या सगळ्यांना एका मतावर आणताना भाऊंनी किती गणपतीत किती घरी चहा प्यायला असेल! पाऊस संपला की ठेकेदार वाड्यांवर फिरायला लागतात. "ते भाऊ गेले ना, आता कसले पैसे येतायत तुमचे," एवढंच एखाद्याने पारावर म्हटलं की पुरे. त्यामुळे मुलीची पहिली फेरी मुंबईच्या कचेऱ्यांत नको, वाडीवर काढा. भाऊंनी तिला बरोबर घेऊन घरोघर जायचं आणि ओळख करून द्यायची. यंदाचा हप्ता दिवाळीआधी मालकांच्या खात्यात पडेल तेवढी तजवीज ठेवा, मग नवी देणगी थोडी उशिरा आली तरी चालेल.

देणगीदारांनाही तिकडेच न्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये धनेश पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते. तुमच्या रानात जुना बेहडा असेल आणि त्यात घरटं असेल, तर लांबूनच, दुर्बिणीतून, चार-पाच माणसांनाच दाखवा. नर येतो, गळ्यातून एकेक फळ काढून फटीतून आत देतो. मी पाहिलंय. आमच्याबरोबर एक कारखानदार होते, सकाळपासून फोनवर बोलत होते. नर आला तेव्हा त्यांनी फोन खिशात टाकला तो जेवायला बसेपर्यंत बाहेर काढला नाही. त्या दिवशी तिथे मुलगी उभी असली, तर पुढच्या वर्षी ते भाऊंबद्दल विचारतील आणि तिच्याशी बोलतील.

सीएसआरचा तिचा अनुभव कामाचा आहे, फक्त तिला एक सांगून ठेवा. मोठ्या कंपनीला नफ्याचे २ टक्के अशा कामावर खर्चायचे असतात आणि मार्च जवळ आला की साहेब विचारतात, रोपं किती लावली? तुमचं काम न तोडण्याचं. न तोडलेल्या झाडासोबत फीत कापता येत नाही. अशा वेळी माणूस नाइलाजाने "दोन हजार रोपं लावू" म्हणून बसतो, आणि मग ती लावायला उभ्या रानात जागा करावी लागते. हे मी होताना बघितलंय. तिने तसं कबूल केलं नाही आणि एखादी देणगी हातची गेली, तर बैठकीत तिची बाजू घ्या.

प्रश्न : मी उलट्या बाजूने विचारतेय. मी निधीसंकलनाचं काम सोडून दुसऱ्या संस्थेत चाललेय. माझ्या मोबाइलमधले चारशे नंबर मीच जमवलेत. ते मी वापरले तर काय बिघडलं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ज्यांनी तुम्हाला मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं ते तुमचे. ज्यांनी पावतीसाठी नंबर दिला ते संस्थेचे. चारशेत पहिल्या प्रकारचे वीस निघाले तरी तुम्ही भाग्यवान. बाकीचे संस्थेकडे नोंदवा आणि आपल्या फोनमधून काढून टाका.

आणि हो, देणगीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या अ‍ॅडमिन एकट्या तुम्हीच असाल, तर बाहेर पडण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅडमिन करा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच कुणाला तरी करतं. आमच्या वेळी तो मान रोज पहाटे पाच वाजता सुप्रभात पाठवणाऱ्या काकांना मिळाला होता.