ग्रेड ३

अमळनेर, रविवार

चि. पोरी,

काल फोनवर तू बायोप्सीचा रिपोर्ट वाचून दाखवलास. 'इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३.' म्हणजे स्तनाचा कॅन्सर, आणि तू एकदाही अडखळली नाहीस. मालिकेत पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतेस तोच आवाज, तोच पॉज. पॉज मीच शिकवलेला, म्हणून लगेच ओळखला. फोन ठेवल्यावर मला घाम फुटला.

मग म्हणालीस, 'बाई, हिना खानसारखंच, तिसरं.' नाही गं. टीव्हीवरच्या त्या हिनानं २०२४ च्या जूनमध्ये आपल्या स्तनाच्या कॅन्सरचं स्वतः जाहीर केलं ती स्टेज. तुझ्या कागदावर आहे ती ग्रेड. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि कुठवर पसरली ते. तुझी स्टेज अजून ठरायचीय. दोनशे भाग डॉक्टरीण होऊन हे ठाऊक नसलं तर त्यात तुझा काय दोष? तुमच्या सेटवर मॉनिटरची रेघ सरळ झाली की शॉक देतात. खऱ्या आयसीयूत सरळ रेघेला शॉक देत नाहीत, छाती दाबतात आणि इंजेक्शन देतात. (आमच्या गल्लीतल्या बायका मात्र तुला बीपीच्या गोळ्या विचारायला टपून बसल्यात.)

तेव्हा ॲप्रन खुंटीला टांग आणि डॉक्टरांसमोर पेशंट म्हणून बस, वही घेऊन. ईआर, पीआर, हर-टू, म्हणजे गाठ हार्मोन्सवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढते का ते सांगणारे रिपोर्ट, हातात आले की औषधं कुठली ते ठरतं. आधी ऑपरेशन की आधी केमो, तेही विचार. आणि संकोच न करता एक विचार: पुढे मूल हवं असेल तर स्त्रीबीजं साठवण्याचं बोलणं केमोच्या आधीच व्हायला हवं.

प्रॉडक्शनला तोंडी सांगू नकोस, मेल कर. मी तोंडी सांगून फसले. माझं दुखणं निघालं तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालू होत्या. 'तुम्ही बऱ्या होऊन या, जागा तुमचीच,' म्हणाले आमचे लोक. तिसऱ्या केमोला जळगावहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले, तर समोरच्या बाईच्या हातात पेपर, आणि त्यात आमच्या नाटकाचा फोटो. लुगडं माझं, नथ माझी, आत दुसरीच. नथ तर माझ्या घरची होती! अजून परत आलेली नाही.

केमो पुष्कळदा तीन-तीन आठवड्यांनी असते. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांच्या तारखा देऊच नकोस; सेटवर एवढी माणसं, कोण काय घेऊन आलंय कुणास ठाऊक. ताप १००.४ ला पोचला तर गोळी घेऊन शॉट द्यायचा नाही. तडक हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

क्रिएटिव्हवालेही येतील. 'आपल्या डॉक्टरलाच कॅन्सर दाखवू या, टीआरपी उचलेल.' केस खरेच गळतायत तर विग कशाला, असंही कुणी बोलून जाईल. तुला करावंसं वाटलं तर कर, माझी ना नाही. पण दोन केमो होईपर्यंत हो म्हणू नकोस. लोकांना सांगायचं की नाही, तेही असंच. हिनानं सांगितलं, तो तिचा निर्णय. तू कुणाला धीराचा व्हिडिओ देणं लागत नाहीस. आणि पुढचा फोन करशील तेव्हा तो पॉज नको. रडू आलं तर आवाज फाटू दे, मला समजेल काय म्हणतेस ते.

शनिवारी येतेय. कळण्याचं पीठ आणते, भाकरी तुझ्याच ओट्यावर थापीन. ठेचाही आणते. आत्ताच खाऊन घे, केमोत तोंड आलं की आपलं तिखट कितीतरी दिवस बंद.

रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून ठेव. एक मला हवी.

तुझी,
बाई