ओसरीवरचे पिल्लू

प्रश्न : माझे यजमान मेळघाटात वनरक्षक आहेत आणि आम्ही जंगलातल्या क्वार्टरमध्ये राहतो. सहा वर्षांच्या मुलीच्या हट्टामुळे धारणीच्या बाजारातून दोन महिन्यांचे गावठी पिल्लू आणले. रात्री ते ओसरीवर खांबाला बांधलेले असते. परवा सकाळी अंगणात बिबट्याचे ठसे दिसले. यजमान म्हणतात की, कुत्रे भुंकेल तर आपल्यालाच सावध करेल. मला मात्र धास्ती वाटते. काय करावे?
— एक वाचक भगिनी, जि. अमरावती

उत्तर : भगिनी, आपली धास्ती रास्त आहे. बिबट्या धरण्यासाठी वनखाते पिंजऱ्यात शेळी किंवा कुत्रे बांधते, हे आपल्या यजमानांना मी सांगण्याची गरज नाही. ओसरीच्या खांबाला बांधलेले पिल्लू म्हणजे तेच आमिष, फक्त पिंजरा नसलेले. कुत्रे हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे आणि बांधलेल्या जिवाला पळून जाण्याचीही सोय नसते. म्हणून दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत पिल्लाने घरातच, दार लावून झोपावे. भुंकून सावध करण्याचे काम ते दाराच्या आतूनही तितकेच चोख करते.

मग रात्री शी-शूचे काय, असा प्रश्न येईल. एवढे लहान पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे धरून ठेवू शकत नाही, आणि त्यासाठी मध्यरात्री दार उघडणे हाच खरा धोका असतो. एका पसरट घमेल्यात चुलीतली थंड, चाळलेली राख घालून ते मोरीजवळ ठेवा. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्याबरोबर त्याला त्यात उभे करा. काही दिवसांत ते स्वतःहून तिकडे जाऊ लागते. शेवटचे खाणे अंधार पडण्यापूर्वी द्यावे आणि थाळी लगेच धुऊन आत घ्यावी, कारण अंगणातल्या उष्ट्यावर रानडुकरे आणि भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, पण तो थोराड कुत्र्यासाठी असतो; पिल्लाला त्याचा भार होईल आणि आपल्याला उगाच निर्धास्तपणा येईल.

दिवसा पिल्लू मोकळे सोडण्याचा मोह होतो, तोही आवरावा. जंगलात ससा किंवा भेकर दिसले की मागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. अस्वलाच्या बाबतीत तर तो अधिकच अंगलट येतो: कुत्रे आधी अस्वलावर भुंकते आणि अस्वल उलटले की शेपूट घालून थेट धन्याच्या पायांशी धावत येते, पाठोपाठ अस्वलही. म्हणून यजमानांनी त्याला गस्तीवर कधीही नेऊ नये, आणि अंगणाबाहेर मुलीच्या हाती साखळी देऊ नये. हाक मारताच परत येणे हा पहिला धडा आतापासूनच, हातात भाकरीचा तुकडा धरून, गिरवून घ्यावा.

आता जी गोष्ट आपण विचारलेली नाही, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. जंगलापासून पिल्लाला जपायचे, तसे पिल्लापासून जंगलालाही जपायला हवे. कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूमुळे १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले, आणि २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हाही हाच विषाणू सापडला. वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याच्या आत आणि हद्दीपासून ५ किलोमीटरच्या परिसरातल्या पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद आहे. त्या पशुधनाच्या व्याख्येत गाय, शेळी, डुक्कर, बदक यांची नावे आहेत, कुत्र्याचे नाही. त्यामुळे ही जबाबदारी आपल्यालाच पेलावी लागेल. डिस्टेंपर आणि पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा घातक रोग) यांची एकत्रित लस लगेच द्यावी व पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिची पुढची मात्रा द्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे बूस्टर आणि पुढे दरवर्षी. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. ती पिशवीतून क्वार्टरवर आणण्यापेक्षा पिल्लालाच दवाखान्यात न्यावे. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे.

रोज संध्याकाळी पिल्लाला मांडीवर उताणे घेऊन कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत गोचीड पाहा. रॉकेल न लावता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पिल्लू मलूल झाले, ताप आला किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या माळरानाला लागून आमचे शेत आहे. आमच्या आठ महिन्यांच्या कुत्रीभोवती लांडगे घुटमळताना दिसतात, पण तिला इजा करत नाहीत. काळजीचे कारण आहे का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : आहे, आणि ते लांडग्यांच्या दृष्टीने अधिक आहे. तिची माजावर येण्याची वेळ झालेली असावी. २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माळावर दिसलेल्या वेगळ्या रंगाच्या लांडग्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर सिद्ध झाला. असा संकर वाढत गेला, तर माळावर अस्सल लांडगा उरणार नाही. शिवाय आज इजा न करणारा लांडगा उद्याही करणार नाही, याची खात्री देता येत नाही. तिची नसबंदी लवकरात लवकर करून घ्या. तोवर तिला गोठ्यात, पक्क्या दाराआड ठेवा. रेबीजची लस राहिली असेल, तर तीही त्याच फेरीत उरका.